तिथी एक, आभाळ अनेक

खांदा कॉलनीत मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की घराघरांतील खाकऱ्यांचे डबे घट्ट झाकणांच्या बरण्यांत रिकामे होतात, गॅलरीच्या लोखंडी जाळ्यांवर गंजाचे नवे डाग दिसू लागतात आणि दुकानातील गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो. सिडकोने वसविलेल्या नव्या पनवेलचा हा भाग खांदेश्वरचे मंदिर, त्यालगतचे तळे आणि त्याच नावाचे रेल्वे स्थानक यांच्या आधाराने वाढला. पूर्वेला प्रबळगड व माथेरानची रांग, दक्षिणेला अंगठ्यासारखा उभा कर्नाळ्याचा सुळका, आणि पश्चिमेला खाडी. डोंगर आणि समुद्र यांच्यामधील या पट्टीत हवा बारा महिने ओलसर राहते. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डिसेंबरातही येथे रात्री पंखा पूर्ण बंद करण्याची वेळ क्वचितच येते.

व्यापारानिमित्त येथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांची मुळे राजस्थानात, गुजरातेत, कच्छात, सोलापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात असतात. त्यामुळे लग्नकार्य, मालाची खरेदी आणि तीर्थयात्रा या तीन कारणांनी त्यांचा देशभर प्रवास चालू असतो. पंचांग पाहून निघण्याची त्यांची रीत जुनी आणि पक्की आहे. तिथी पाहिली जाते, सुट्टी पाहिली जाते, धर्मशाळेतील खोली राखून ठेवली जाते. जेथे जायचे तेथील आभाळ मात्र फारसे कोणी पाहत नाही. प्रवासी मनाने खांदा कॉलनीचीच हवा बरोबर घेऊन निघतो आणि परगावच्या पायऱ्यांवर उभा राहिल्यावर त्याला आपली चूक कळते. बरोबर वृद्ध आई-वडील असतील, उपवास चालू असेल आणि पाय अनवाणी असतील, तर ही चूक महागात पडते.

वास्तविक या देशाच्या हवामानाचा पहिला पाठ पनवेलकरांच्या दारातच आहे. कळंबोलीहून द्रुतगती महामार्गाला लागलेली गाडी तासाभरात खोपोली मागे टाकून बोरघाट चढते. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. म्हणून लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलीमीटरहून अधिक पाऊस होतो. तेथून पुढे डोंगर उतरताच ढगांत देण्यासारखे फारसे उरत नाही. पुण्याला जेमतेम ७०० ते ७५० मिलीमीटर, आणि बारामती-दौंडकडे ५०० च्या आसपास. सकाळी पनवेलला छत्री घेऊन निघालेला व्यापारी दुपारी दौंडच्या बाजारात धुळीने माखतो, आणि दोन्ही ठिकाणी महिना जुलैच असतो. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातील अंतर अवघे तीस-बत्तीस किलोमीटर. पण वरचे गाव ६००० मिलीमीटरच्या घरात भिजते आणि खालच्या गावाला त्याचा लहानसा अंश मिळतो. पर्जन्यछाया हा शब्द शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेला असतो. पण प्रवासाची आखणी करताना तो कोणाला आठवत नाही.

हाच पाठ कर्नाटकातील यात्रेत जसाच्या तसा पुन्हा भेटतो. श्रवणबेळगोळ घाटाच्या पूर्वेला, पठारावर आहे. विंध्यगिरीवरील ५७ फुटी गोमटेश्वर मूर्तीची प्रतिष्ठापना इ.स. ९८१ ची, हजार वर्षांहून अधिक काळ ती उघड्या आभाळाखाली उभी आहे. त्या बाजूला पाऊस बेताचा, संध्याकाळ सुखाची, आणि जुलै-ऑगस्टमध्येही डोंगर चढता येतो. खरी अडचण असते ती मार्च-एप्रिलच्या दुपारी, जेव्हा ग्रॅनाइटच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या तव्यासारख्या तापतात आणि पादत्राणे खाली ठेवावी लागतात. त्याच यात्रेत पुढे मूडबिद्री, कारकळ आणि वेणूर ही क्षेत्रे केली जातात, आणि अनेक यात्रेकरूंना हा सारा एकाच हवेचा प्रदेश वाटतो. मूडबिद्री घाटाच्या पश्चिमेला, तुळुनाडात आहे, म्हणजे हवेच्या दृष्टीने ते थेट पनवेलचे भावंड! वाटेतील आगुंबे तर देशातील अतिपावसाच्या ठिकाणांपैकी एक. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी १४३० ची. तिची उतरती छपरे पाहून नवख्या माणसाला हिमालयाकडील देवळे आठवतात. पण कारागिरांनी ती उतरती केली ती पावसाचे पाणी क्षणभरही छतावर थांबू नये म्हणून. पलीकडच्या कोरड्या पठारावरील बसदींची छते सपाट आहेत. दोन्ही बाजूंची छते पाहिली की कोणत्या गावाला कोणत्या महिन्यात जावे, हे वेगळे विचारावे लागत नाही. जून ते सप्टेंबरात श्रवणबेळगोळ करून तुळुनाड पुढील फेरीसाठी ठेवणे हे शहाणपणाचे. कोकण रेल्वेसुद्धा पावसाळ्यात आपले वेळापत्रक बदलते आणि गाड्यांचा वेग कमी करते. मग यात्रेकरूनेच जुने वेळापत्रक का धरून बसावे?

जैन परंपरेला ऋतूंचे भान नाही, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. किंबहुना ऋतुमान थेट स्वयंपाकघरात आणणारी अशी दुसरी परंपरा विरळाच. कार्तिकी, फाल्गुनी आणि आषाढी अशा तीन चौमासींनी वर्षाचे हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तीन सरळ भाग पाडले आहेत. उकाळलेल्या पाण्याचा काळ पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच. मिठाईची मर्यादा पावसाळ्यात पंधरा दिवस, उन्हाळ्यात वीस, हिवाळ्यात एक महिना. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा याच क्रमाने तीन, पाच आणि सात दिवसांची मानली जाते. ओलसर हवेत जीवोत्पत्ती लवकर होते, कोरड्या उष्णतेत सावकाश, आणि थंडीत सर्वांत सावकाश, हे निरीक्षण मिठाई-पिठाच्या या आकड्यांमागे आहे. आर्द्रा नक्षत्र लागल्यावर आंबा वर्ज्य करणाऱ्या कुटुंबातील लहान मुलालाही पावसाची चाहूल तारखेवाचून कळते. चातुर्मासात विहार थांबतो, तोही वाटेवर उगवलेले गवत, कोंब, शेवाळ आणि सूक्ष्म जीव पायाखाली येऊ नयेत म्हणूनच. शत्रुंजयाची यात्राही त्या चार महिन्यांत बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते.

परंतु पावसाळ्याची ही मांडणी ज्या भूमीत रुजली तो मगधाचा, माळव्याचा आणि सौराष्ट्राचा प्रदेश नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा आहे. भारतीय हवामान विभागाच्या सर्वसाधारण तारखांनुसार हा पाऊस १ जूनला केरळात, ११ जूनच्या सुमारास मुंबईत आणि ८ जुलैपर्यंत संपूर्ण देशात पोहोचतो. त्याची माघार १७ सप्टेंबरच्या सुमारास वायव्य राजस्थानातून सुरू होते आणि मुंबईतून तो ८ ऑक्टोबरच्या आसपास निघतो. आषाढ ते कार्तिक हा हिशेब या तारखांशी बऱ्यापैकी जुळतो. तमिळनाडूत मात्र तो उलटा होतो. जून ते सप्टेंबर या काळात तो प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत तुलनेने कोरडा राहतो, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वारे फिरून ईशान्येकडून, बंगालच्या उपसागराची वाफ घेऊन येऊ लागले की तेथील खरा पावसाळा सुरू होतो. चेन्नईच्या वार्षिक पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच पडतो. म्हणजे ज्या कार्तिकी पौर्णिमेला पनवेलकडे पाऊस सरला, वाटा मोकळ्या झाल्या असे मानून घराघरांत यात्रेची गडबड सुरू होते, त्याच सुमारास चेन्नईच्या साहुकारपेठेत गल्ल्यांतून पाणी वाहत असते.

दिवाळीनंतर दक्षिणेकडील नातलगांना भेटून पुढे पोन्नूर, तिरुमलै करून यावे, असा बेत येथील कुटुंबांत नेहमी ठरतो. तो वाईट नाही. पण त्यात मोकळे दिवस राखावे लागतात. २०१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात चेन्नई बुडाली तेव्हा विमानतळ काही दिवस बंद होता, गाड्या रद्द झाल्या आणि कोठाराच्या तळमजल्यात ठेवलेला व्यापाऱ्यांचा माल पाण्याखाली गेला. जानेवारी-फेब्रुवारीत हाच प्रदेश सुखद असतो. तीर्थे तीच, भाडे बहुधा कमी, आणि डोंगरावरील कोरीव शिल्पे कोरड्या उजेडात पाहायला मिळतात.

उन्हाचा विषय अधिक गंभीर आहे, कारण जैन पंचांगातील काही मोठे दिवस उन्हाळ्यात येतात. चैत्रातील आयंबिलाची ओळी, महावीर जन्मकल्याणक आणि अक्षय्य तृतीया. वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने करण्यासाठी हस्तिनापूरला आणि पालिताण्याला मोठी गर्दी होते. त्या दिवसांत उत्तरेत लू वाहू लागलेली असते. राजस्थानातील फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. या प्रदेशांतील ऊन कोरडे असते. घाम येतो आणि लगेच उडून जातो, त्यामुळे अंग कोरडे वाटते आणि शरीरातील पाणी किती गेले याचा पत्ताच लागत नाही. खांदा कॉलनीच्या माणसाला घामाने भिजलेला सदरा हीच उन्हाची खूण माहीत असते. ती खूण दिसत नाही म्हणून तो उन्हात हिंडतो आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडतो.

याच्या उलट आपले ऊन सौम्य, असेही येथील माणूस धरून चालतो. तेही खरे नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खांदा कॉलनीजवळच्या खारघरमध्ये, उघड्या मैदानावरील एका मोठ्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांना प्राण गमवावे लागले. त्या दिवशी परिसरातील तापमान सुमारे ३८ अंश होते. राजस्थानात ३८ अंश हा एप्रिलमधील साधा दिवस! पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम उडत नाही, अंग थंड होण्याचा निसर्गाने दिलेला मार्गच बंद पडतो आणि शरीराच्या आतील उष्णता वाढत जाते. म्हणून वर्तमानपत्रातील तापमानाचा एकटा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. त्याच्या शेजारी छापलेला आर्द्रतेचा आकडाही पाहावा. कोरड्या मुलखात दुपारची सावली आणि जाड सुती कपडा उपयोगी पडतो. दमट मुलखात नुसती सावली पुरत नाही, वारा लागतो.

उपवास, बेसणे किंवा चौविहार असलेल्या यात्रेकरूला पाणी पिण्याचे तास मोजकेच मिळतात. पालिताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या, डोंगरावर काही न खाण्याचा दंडक आणि दुपारच्या उन्हातील अनवाणी उतरण, हे गणित साठी ओलांडलेल्या माणसाने वैशाखात मांडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि पच्चक्खाणातील आगार गुरुमहाराजांकडून समजून घ्यावेत. मधुमेहाची गोळी चालू असेल तर हे विचारणे टाळूच नये. डोली केल्याने यात्रा उणी ठरते, ही समजूतही किती वडीलधाऱ्यांना नाहक शिणवते! ज्यांना नव्वाणू यात्रा करावयाच्या असतात ते थंडीचे महिने निवडतात, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

थंडीबाबत पनवेलकर सर्वांत बेसावध असतो. समुद्र जवळ असल्याने येथे रात्रीचा पारा फारसा उतरत नाही. समुद्रापासून जसजसे आत जावे तसतशी दिवस-रात्रीतील तफावत वाढते. दूर कशाला, नाशिक जिल्ह्यातील निफाडला हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात, आणि मांगी-तुंगीचा डोंगर त्याच जिल्ह्यात, त्याहून कितीतरी उंचावर आहे. दर हजार मीटर उंचीला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते, हा हिशेब तोंडपाठ असावा. आबूच्या देलवाड्याला विमलवसहीचे (१०३१) आणि लूणवसहीचे (१२३०) संगमरवरी काम पाहायला जानेवारीत गेलेल्या कुटुंबाला पहाटे गवतावर गोठलेले दव दिसते. खाली आबूरोड स्थानकावर मात्र ते हलक्या शालीत उतरलेले असते.

शिखरजींची यात्रा हा तर या सर्व हिशेबाचा कळस. २४ पैकी २० तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील पारसनाथचा डोंगर १३६५ मीटर उंच आहे. मधुबनहून नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना आणि नऊ किलोमीटर उतार, अशी २७ किलोमीटरांची ही वाट आहे. यात्रेकरू मध्यरात्रीनंतर निघतात. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी पारा दहा अंशांच्या खाली असणे नवे नाही, आणि पार्श्वनाथांच्या टोंकेवरचा वारा तर अंगावरचे लोकरी कपडे भेदून जातो. चढताना अंग तापते म्हणून लोक स्वेटर काढतात. वर पोहोचल्यावर घामाने ओल्या झालेल्या कपड्यांवर वारा बसतो आणि वृद्धांची छाती भरते. एक कोरडा कपडा पिशवीत वेगळा ठेवणे, एवढाच यावर उपाय. त्याच महिन्यांत गंगेच्या खोऱ्यात दाट धुके उतरते. दिल्ली-पाटण्याकडील गाड्या कित्येक तास उशिरा धावतात आणि विमाने रद्द होतात. शिखरजींबरोबर पावापुरी आणि राजगीर करणाऱ्या संघाने परतीचे आरक्षण एक दिवस राखून करावे. फाल्गुनात थंडी ओसरलेली आणि लू सुरू न झालेली असते. दिवाळीच्या सुट्टीतील आणि नाताळातील गर्दी टाळता आली तर हा काळ उत्तम.

साधू-साध्वींना हे सारे पायांनी माहीत असते. मुंबईहून विहार करीत निघालेले महाराजसाहेब पनवेल सोडून घाट चढतात तेव्हा कोकणची हवा एका दिवसात बदलत नाही; दहा-पंधरा किलोमीटरांच्या एकेका मुक्कामाने ती सावकाश मागे पडते आणि शरीर नव्या हवेला सरावते. उष्ण प्रदेशाला सरावण्यास शरीराला आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आता नवी मुंबईचा विमानतळ खांदा कॉलनीच्या शेजारीच झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि वर्षअखेरीस उड्डाणे सुरू झाली. घरापासून अर्ध्या तासात विमान आणि अडीच तासांत दुसरा ऋतू! सोय मोठीच आहे. पण पोहोचल्या दिवशीच डोंगर चढायला काढू नये. पहिला दिवस तळेटीला दर्शन, विश्रांती आणि पाणी यांत जावा.

एक गोष्ट हवामानाची नव्हे, आकाशाचीच. पण चौविहार पाळणाऱ्यांना ती सर्वांत आधी नडते. साऱ्या देशाची घड्याळे ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत. पनवेल ७३ अंशांवर आहे आणि मधुबन ८६ अंशांवर. दर अंशाला सूर्य चार मिनिटांचे अंतर पाडतो. म्हणून डिसेंबरच्या मध्यावर खांदा कॉलनीत सहा वाजता सूर्यास्त होतो, तर मधुबनला पाचच्या सुमारासच. नवकारसीही तेथे चाळीसेक मिनिटे आधी येते. पनवेलच्या सवयीने साडेपाचला भोजनशाळेत पोहोचलेल्या कुटुंबाला तेथे भांडी घासण्याचा आवाज ऐकू येतो. धुक्यामुळे गाडी उशिरा येणार असे दिसले तर जेवणाचा डबा दुपारी गाडीतच उघडावा, आणि पारसनाथ स्थानकावर उतरण्यापूर्वी उकाळलेल्या पाण्याची शेवटची बाटली वृद्धांच्या हाती द्यावी.